‘आमच्या टॅक्सवर शिकता’ : पण हा टॅक्स भरतो कोण?

आमच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा बरेच दिवस गप्प गप्प होता. खोदून विचारले तेव्हा त्याने मोबाईल पुढे केला. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिष्यवृत्तीचा विषय निघाला होता आणि एकाने लिहिले होते, ‘आमच्या टॅक्सवर शिकता आणि वर आम्हालाच अक्कल शिकवता.’ त्यावर पंधरा-वीस जणांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या होत्या. मुलाने उत्तर दिले नव्हते, कारण आपण टॅक्स भरत नाही असे त्यालाही वाटत होते.

त्याचे वडील कंत्राटी सुरक्षारक्षक आहेत, पगार चौदा हजार. मोठा भाऊ मोटारसायकलवरून पार्सल पोहोचवतो. इन्कम टॅक्सचा फॉर्म या घरात कोणी पाहिलेला नाही. त्या दिवशी ठरलेला विषय बाजूला ठेवून आम्ही या घराचा हिशेब मांडायला बसलो.

सुरुवात विजेच्या बिलापासून केली. महाराष्ट्रात घरगुती विजेवर राज्य सरकार १६ टक्के वीज शुल्क घेते. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे हा दर प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. दिल्लीत तो ५ टक्के आहे, कर्नाटकात ९ टक्के. म्हणजे बाराशे रुपयांच्या आकारावर आपण १९२ रुपये भरतो, दिल्लीतले कुटुंब ६० आणि बंगळूरमधले १०८. वर्षाचे आपले २,३०४ रुपये. बिलावर ही ओळ स्वतंत्र छापलेली असते, पण आपण थेट शेवटचा आकडा पाहतो.

मग पेट्रोल. जुलै २०२४ पासून महाराष्ट्राचा पेट्रोलवरील दर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा आहे. गुजरातमध्ये १३.७ टक्के व्हॅट आणि ४ टक्के उपकर, दिल्लीत १९.४ टक्के. आपण देशात पहिले आहोत असे मात्र नाही. तेलंगणात ३५.२ टक्के आहे, केरळ आणि आंध्रही आपल्या पुढे आहेत. तरी २०२५ मधल्या किमतींवर लिटरमागे साधारण २४ ते २५ रुपये महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत जात होते, दिल्लीत १५च्या आसपास. केंद्राचे उत्पादन शुल्क यात धरलेले नाही. मुलाचा भाऊ रोज दोन लिटर पेट्रोल जाळतो, महिन्याला पन्नास. म्हणजे महिन्याला बाराशे रुपये आणि वर्षाला साडेचौदा हजारांच्या आसपास. हाच मुलगा दिल्लीत पार्सल वाटत असता तर वर्षाला पाच हजार तरी वाचले असते.

या दरवाढींचा इतिहासही बघण्यासारखा आहे. २०१५ मध्ये दुष्काळाच्या नावाने लिटरमागे २ रुपये वाढवले. २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूची दुकाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, तर पेट्रोलवर आणखी ३ रुपये चढवले. पुढे त्यात कपातीही झाल्या, हे खरे. पण तिजोरीत खड्डा पडला की सरकारचा हात पहिल्यांदा कुठे जातो, ते यातून कळते. पेट्रोल पंपावर पावती फाडायला अधिकारी लागत नाही आणि मोर्चाही निघत नाही.

वडिलांच्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात होती. हा व्यवसाय कर, वर्षाला २,५००. दिल्ली, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि हरियाणात पगारदारांना हा कर नाही. आपल्याकडे महिलांना २५ हजार पगारापर्यंत माफी मिळाली आहे. पुरुषाला मात्र दहा हजारांच्या वर गेला की पूर्ण कर लागतो. या कराचा जन्म चांगल्या कामासाठी झाला, हे मुद्दाम सांगायला हवे. १९७२च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली आणि तिच्यासाठी १९७५च्या कायद्याने शहरातल्या पगारदाराकडून पैसा घेतला गेला. त्या योजनेवर आपल्या किती आयाबायांनी खडी फोडली आणि पाझर तलाव खणले, ते आपल्याला माहीत आहे. पण घटनेच्या कलम २७६ मध्ये या कराची वरची मर्यादा १९८८ साली २,५०० रुपये ठरली आणि तिथेच थांबली. त्या काळी एवढी रक्कम मोठ्या साहेबालाच लागू शकत होती. आज चौदा हजारांचा रक्षक आणि तो ज्या इमारतीच्या दारात उभा असतो तिथला चार लाख पगाराचा साहेब, दोघेही सारखेच २,५०० भरतात.

तिन्हींची बेरीज झाली एकोणीस हजारांवर. ही फक्त राज्याची करवसुली, तीही तीनच बाबींची. साबण, औषध, चप्पल, मोबाईल रिचार्ज यांवरचा जीएसटी वेगळा. त्याचे दर सगळ्या राज्यांत सारखे असल्याने तुलनेत तो घेतला नाही. आता दुसरी बाजू. बी.ए.ला घरून ये-जा करणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्काशिवाय वर्षाला ३,००० रुपये भत्ता मिळतो. त्यासाठी पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि ती २०१३ पासून हललेली नाही. शुल्काची रक्कम मिळवली तरी साध्या बी.ए.ला हे कुटुंब सरकारला देते जास्त आणि त्या मुलासाठी घेते कमी. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

मुद्रांकाचेही थोडे सांगते. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राने १०० रुपयांचा मुद्रांक बंद करून त्या जागी ५०० चा आणला. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, हे सरकारने नंतर स्पष्ट केले. पण वस्तीत काम करताना मला आजही अशी मुले भेटतात ज्यांना दाखल्यासाठी ५०० चा कागद घ्यायला लावलेला असतो.

आता थोडे वर जाऊन राज्याराज्यांची तुलना करू, कारण टीव्हीवर रोज तीच चालते. महाराष्ट्राचे स्वतःचे करउत्पन्न राज्याच्या सकल उत्पन्नाच्या साधारण ७ ते ८ टक्के पडते, बिहारचे ५ ते ६ टक्के. माणशी पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. महाराष्ट्र ढोबळमानाने माणशी २५ हजारांच्या आसपास राज्यकर गोळा करतो, बिहार चार हजारांच्या आसपास. यावरून बिहारी माणूस करात सुखी आहे असे कोणी समजू नये. तिथे कर लावायला मिळकतच कमी आहे. शिवाय एप्रिल २०१६ पासून दारूबंदी असल्याने ते उत्पन्न नाही. उलट आपल्या सरकारने जून २०२५ मध्ये दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे मिळवण्याचे लक्ष्य ठेवले. देशी दारूवरही वाढ झाली. एका हाताने बहिणीला १,५०० रुपये द्यायचे आणि दुसऱ्या हाताने तिच्या नवऱ्याकडून गुत्त्यावर काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे. पंचशील घेणाऱ्यांनी तरी या उत्पन्नाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे.

यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे, महाराष्ट्र केंद्राला रुपया देतो आणि परत मिळतात काही पैसे. आकडे खोटे नाहीत. देशाच्या जीएसटी वसुलीचा सुमारे सहावा हिस्सा महाराष्ट्रातून जातो, प्रत्यक्ष करांचा तर एक तृतीयांशाहून अधिक. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २६ या काळासाठी वाटप करताना महाराष्ट्राला ६.३ टक्के दिले, बिहारला १० आणि उत्तर प्रदेशला जवळजवळ १८ टक्के. पण प्रत्यक्ष कर महाराष्ट्रातून जातो याचा अर्थ तो सगळा महाराष्ट्रात कमावलेला असतो असा नाही. बँका आणि मोठ्या कंपन्यांची मुख्यालये मुंबईत आहेत. गयेच्या शाखेतल्या कर्जावरचे व्याज आणि आसनसोलमध्ये विकलेले सिमेंट यांच्या नफ्यावरचा कर मुंबईच्या खात्यात दिसतो. आणि मुंबईचे टॉवर कोणाच्या हातांनी उभे राहिले, हेही या हिशेबात कुठे लिहिलेले नसते. केंद्राविरुद्ध राज्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. केंद्र उपकर आणि अधिभार वाढवत नेते आणि त्यातला वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. त्यावर भांडले पाहिजे.

बिहारला जास्त का, याचे उत्तर सूत्रात आहे. पंधराव्या आयोगाने ४५ टक्के भार उत्पन्नातील अंतराला दिला, म्हणजे जे राज्य सर्वांत पुढच्या राज्यांपेक्षा जितके मागे, त्याला तितके जास्त. आपल्यापैकी काही तरुण ‘महाराष्ट्राचा पैसा बिहारला’ असे स्टेटस ठेवतात तेव्हा मला काळजी वाटते. बिहारला का द्यायचे आणि तुम्हाला का द्यायचे, हा एकच प्रश्न आहे. आज जो पहिल्या प्रश्नावर टाळ्या घेतो, तोच उद्या दुसरा प्रश्न घेऊन तुमच्या वर्गात येतो. मागे ठेवलेल्यांना जास्त वाटा, हे तत्त्व राज्यांमध्ये मान्य केले तर तेच राज्याच्या आतही लागू करा, अशी आपली मागणी असली पाहिजे.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध आपण फार वरवर सांगतो. कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठीचा त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता, १९२५ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. केंद्र आणि प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हाच त्याचा विषय. आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या महिनाभर आधी, मुंबई कायदेमंडळातील अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्यांनी जमीन महसुलावर बोट ठेवले. शेतकऱ्याचे उत्पन्न कितीही असो, पीक येवो न येवो, त्याला सारा भरावाच लागतो. प्राप्तिकर देणाऱ्याला मात्र उत्पन्न नसेल तर कर नाही. आज साऱ्याच्या जागी पेट्रोल आणि विजेचे शुल्क आले आहे, एवढाच फरक.

बोजा आपल्यावर आहे, तर परतावा कुठे आहे? महाराष्ट्र आरोग्यावर आपल्या खर्चाच्या ५ टक्क्यांहूनही कमी ठेवतो, राज्यांची सरासरी ६ टक्क्यांच्या आसपास आहे. जास्त कर घेणाऱ्या राज्याचे सरकारी दवाखाने कसे असायला हवेत, याचा विचार ज्याने त्याने आपल्या तालुक्याचा दवाखाना डोळ्यांसमोर आणून करावा.

अनुसूचित जातींचा घटक कार्यक्रम हा लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवायचा निधी आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण २०११ च्या जनगणनेप्रमाणे ११.८ टक्के. हा पैसा दुसरीकडे वळवू नये आणि वर्षअखेरीस बुडू देऊ नये, अशा नियोजन आयोगाच्या सूचना होत्या. तरी मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये ‘लाडकी बहीण’साठी वळवले गेले. आदिवासी विकास विभागाचेही गेले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. सरकारचा युक्तिवाद असा की, लाभार्थींमध्ये अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत. आहेतच. पण त्या राज्याच्या नागरिक म्हणून लाभार्थी आहेत, आणि योजनेसाठी त्या वर्षी ३६ हजार कोटींची तरतूद होती. सर्वांना मिळणारी गोष्ट आपल्याला द्यायची आणि बिल आपल्याच राखीव खात्यातून फाडायचे, मग वसतिगृह आणि शिष्यवृत्तीला उरले काय? शिष्यवृत्तीचे पैसे वर्ष वर्ष येत नाहीत, तेव्हा ‘निधी नाही’ हे उत्तर तुम्ही ऐकलेच असेल.

इथेही राज्यांची तुलना कामाला येते. संयुक्त आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये या निधीसाठी कायदा केला, तेलंगणाने २०१७ मध्ये स्वतःचा केला, राजस्थानने २०२२ मध्ये. तिथेही पळवाटा आहेत. कर्नाटकात हमी योजनांसाठी हाच निधी वापरल्यावरून मोठा वाद झाला. पण कायदा असला की निदान कलम दाखवून भांडता येते. करात आपण या राज्यांच्या बरोबरीला उभे आहोत, या कायद्यात मात्र मागे. महाराष्ट्राला असा कायदा हवा, ही मागणी सगळ्या गटातटांनी मिळून लावून धरण्यासारखी आहे.

तोवर जिल्ह्यात करता येण्यासारखे काम आहे. जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा स्वतंत्र भाग असतो. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती त्याला मंजुरी देते. त्या रविवारी आमच्या वर्गाने सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयासाठी माहिती अधिकाराचा अर्ज तयार केला. मागील तीन वर्षांत मंजूर किती, प्रत्यक्ष मिळाले किती, मार्चअखेर परत गेले किती आणि दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळवले किती, असे चार प्रश्न. बी.ए.च्या त्या मुलाने आपल्या अक्षरात अर्ज लिहिला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि खाली स्वतःचे नाव घातले.