मोल्सवर्थला कळलं, क्लासला कळेना

एका वाचकाने या आठवड्यात टपालाने एक पुस्तिका धाडली आहे. स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याशा क्लासने प्रवेशाबरोबर फुकट वाटलेली. वर ठळक अक्षरांत ‘हमखास येणाऱ्या इडियम्स’. सोबत चिठ्ठी: ‘बरेच दिवसांत तुम्ही गाइडांवर घसरला नाहीत. तब्येत बरी आहे ना?’ तब्येत उत्तम होती, पुस्तिका उघडेपर्यंत.

आत काय असणार हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. डावीकडे इंग्रजी वाक्प्रचार, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये बरोबरचं चिन्ह. ‘किक द बकेट’ बरोबर मरणे. ‘रेन कॅट्स अँड डॉग्ज’ बरोबर मुसळधार पाऊस पडणे. ‘व्हाइट एलिफंट’ बरोबर खर्चिक पण निरुपयोगी वस्तू. पुढच्या पानावर ‘टेक अप द कजल्स’, ‘ॲक्स टू ग्राइंड’, ‘फिश इन ट्रबल्ड वॉटर्स’, ‘स्वॉन साँग’, ‘अकिलीज हील’. या पाच जणांना मी आधी कुठेतरी एका रांगेत उभं पाहिलं होतं. आठवलं. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ या 1946 सालच्या निबंधात. वापरून वापरून गुळगुळीत झालेले आणि पुष्कळदा अर्थ न कळताच फेकले जाणारे शब्दसमूह म्हणून त्याने जी यादी दिली, तीत हे पाचही आहेत. ऑर्वेलने ज्यांची हकालपट्टी मागितली, त्यांना आपण अभ्यासक्रमात मानाचं पान दिलं! कुत्र्या-मांजरांच्या पावसाची गोष्ट तर त्याहून जुनी. लंडनच्या उच्चभ्रू बैठकांत लोक तीच ती ठेवणीतली वाक्यं कशी घोळवत बसतात, याची टवाळी करायला जोनाथन स्विफ्टने 1738 साली एक पुस्तक काढलं. त्या टवाळीत हा पाऊस पडतो. आमची मुलं तो अजून अंगावर घेताहेत.

गाइडवाले म्हणतील, जुने असले म्हणून काय झालं, चालतात ना? तर तेही ऐका. रोझमंड मून या अभ्यासक बाईंनी 1 कोटी 80 लाख शब्दांचा इंग्रजी मजकूर संगणकावर चाळला आणि कोणता वाक्प्रचार किती वेळा येतो ते मोजलं. त्यांचं पुस्तक 1998 मध्ये आलं. एवढ्या मजकुरात ‘किक द बकेट’ एकदाही सापडला नाही. ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ नाही. ‘बॅग अँड बॅगेज’ नाही. या तिघांवाचून आपल्याकडे निबंध पुरा होत नाही! इंग्रज ते कधीच म्हणत नाहीत असं नव्हे. गप्पांत, चेष्टेत, सिनेमात येत असतील. पण परकी भाषा शिकणाऱ्याने सुरुवात तिथून करावी, हा हुकूम कोणी काढला?

खरं सांगायचं तर जुनेपणावर माझा एवढा राग नाही. मराठीतही शिळे वाक्प्रचार आहेत आणि आपण ते मजेत वापरतो. माझा राग आहे त्या बरोबरच्या चिन्हावर. ते चिन्ह पाहिलं की मला मोल्सवर्थ आठवतो आणि लाज वाटते.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांना हाताशी धरून, आपल्या शास्त्रीमंडळींना सोबत घेऊन त्याने मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली दुसरी 1857 ची. या दुसरीत साठ हजारांच्या घरात शब्द आहेत. यातला ‘हात’ हा शब्द काढून बघा. अर्थ सांगून गडी पुढच्या शब्दाकडे जात नाही. हाताने मराठी माणूस काय काय करतो, त्याची यादीच लागते. आता हात आखडणारा, हात झाडणारा आणि हात टेकणारा ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिला कंजूष, दुसरा अंग काढून घेणारा, तिसरा हरलेला. आपल्याला हे कोणी शिकवलं नाही. साहेबाला मात्र कान देऊन टिपावं लागलं.

आणि त्याचं टिपणं नुसत्या अर्थापाशी थांबत नाही. शब्द कोकणातला असला तर तशी खूण. कवितेतच येत असला तर तसा शेरा. तुच्छतेने म्हणतात की रागाने, कशाला उद्देशून म्हणतात, कुठे मोघम वापरतात, हेही जागोजागी नोंदलेलं. म्हणजे हा शब्द कोणाच्या तोंडी, कुठे आणि कुठल्या सुरात येतो, ते वाचणाऱ्याला कळतं. त्याला हे का करावंसं वाटलं असेल? माझं मत विचाराल तर कारण साधं आहे. साहेबाला परीक्षेपुरतं मराठी नको होतं. कचेरीत समोर उभा राहिलेला रयतेतला माणूस काकुळतीला आलाय की टोमणा मारतोय, हे त्याला तिथल्या तिथे उमजायला हवं होतं. राज्य करायला आलेला माणूस आमची भाषा कान टवकारून शिकला आणि नोकरी मागायला निघालेले आम्ही त्याची भाषा डोळे मिटून पाठ करतो. याला पुरावा मागू नका. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा, एवढंच म्हणतो.

मोल्सवर्थ आज असता तर ‘सातबारा कोरा करणे’ ही नोंद त्याने कशी केली असती, याची मी कल्पना करतो. शेतकऱ्यांच्या मोर्चात आणि निवडणुकीच्या सभेत म्हणतात. अर्थ, इतर हक्कांतला कर्जाचा बोजा काढून टाकणे. बोलणारा सत्तेत गेल्यावर वापर कमी होतो. पुस्तिकावाल्याने काय लिहिलं असतं? ‘सातबारा कोरा करणे’ बरोबर कर्जमाफी. दोन मार्क.

‘किक द बकेट’कडे पुन्हा वळू. 1785 साली फ्रान्सिस ग्रोसने रस्त्यावरच्या, गावठी इंग्रजीचा एक कोश केला, त्यात तो नोंदलेला आहे. म्हणजे जन्मापासून त्याची संगत कसली, ते उघड आहे. आपल्याकडे माणूस निवर्ततो, वारतो, देवाघरी जातो, खपतो आणि गचकतोही. यांतलं कुठलं कुठे म्हणायचं, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही कळतं. ‘साहेब, तुमचे वडील गचकल्याचं कळलं, वाईट वाटलं’ असं पत्र महाराष्ट्रात आजवर कोणी लिहिलं नसेल. पण बरोबरच्या चिन्हावर विसंबलेला उमेदवार इंग्रजीत नेमकं हेच पत्र लिहू शकतो. चूक त्याची म्हणवत नाही. पुस्तिकेत ‘मरणे’ एवढंच छापलंय.

बरं, सुराचं सोडा. एकच शब्द गाव बदलताच उलटा फिरतो. सभेतला विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला घेणे आणि अमेरिकेत बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ कडाकडा भांडले आणि शेवटी कळलं की दोघांना हवं होतं एकच. ही हकिगत खुद्द चर्चिलने आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवली आहे. मातृभाषा इंग्रजी असणाऱ्यांची ही गत. पुण्यातल्या हिंजवडीत बसून दुपारी लंडनशी आणि रात्री न्यू जर्सीशी बोलणाऱ्या पोरांनी काय करायचं?

त्या पोरांना अडवतात ते वाक्प्रचार तर पुस्तिकेत औषधालाही नाहीत, कारण ते वाक्प्रचारासारखे दिसतच नाहीत. ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणणारा इंग्रज घाबरलेला नसतो, तो नाही म्हणत असतो. ‘यू माइट वाँट टू लुक ॲट धिस अगेन’ हा सल्ला वाटतो, असतो पुष्कळदा हुकूम. ‘विथ रिस्पेक्ट’ आलं की पुढे आदर संपतो. ब्रिटिश माणसाने कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं तर पेढे वाटू नयेत. बादली आणि हत्ती अडले तर माणूस निदान थबकतो, विचारतो, शोधतो. ही साधी दिसणारी वाक्यं मात्र आपल्याला समजली असं वाटून पुढे जातात आणि महिन्याभराने समजतं की काहीच समजलं नव्हतं.

आता परीक्षा. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षांत तर ‘इडियम्स अँड फ्रेजेस’ हा नावानिशी घटक आहे. इंग्रजी विचारू नका, असं मी म्हणणार नाही. तो वाद या स्तंभात होऊन गेला आणि त्यावर आलेली पत्रं मी अजून वाचतोय. विचारा, पण नीट विचारा. वाक्प्रचार एक द्या आणि प्रसंग चार: वरिष्ठाला पत्र, मित्राशी गप्पा, शोकसंदेश, बातमी. विचारा, हा कुठे शोभणार नाही? हाही बहुपर्यायी प्रश्नच झाला, संगणकालाही तपासता येईल, एक पैसा जास्त लागणार नाही. फरक इतकाच, की उत्तर देणाऱ्याने भाषा कुठेतरी ऐकलेली, वाचलेली असावी लागेल. आणि ऐकण्या-वाचण्याची पुस्तिका प्रवेशाबरोबर फुकट वाटता येत नाही. म्हणून हा प्रश्न येणार नाही, अशी माझी खात्री आहे. बादली मात्र हमखास येईल.