वाटेतल्या तासांचा मेहनताना

मुंब्रा-कौशातून, कल्याणच्या वालधुनीतून, डोंबिवलीच्या चाळींतून आमची माणसं अंधारातच निघतात. युनिफॉर्म पिशवीत, डबा वर. सहारच्या विमानतळावर आत जे बंदूकधारी दिसतात ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. पार्किंगमध्ये, कार्गोच्या फाटकावर, दोरी लावून रांगा सांभाळत उभी असतात ती ठेकेदाराची माणसं, म्हणजे आम्ही. घाटकोपरला लोकल सोडायची, मेट्रो धरायची, पुढे चालायचं. बारा तासांची पाळी आणि जाऊन-येऊन चार तास. घरच्या पोरांना अब्बा झोपलेलेच दिसतात.

हे चार तास कुणाचे? आमचे म्हणावेत, तर त्यात आम्ही बसूही शकत नाही. मालकाचे म्हणावेत, तर त्याचा पैसा नाही.

कायद्याची गंमत पाहा. 22 एप्रिल 2003 रोजी आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई त्याच्या घरच्यांना सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये परत दिली. बावीस वर्षांनी! कामगार राज्य विम्याच्या कायद्यात 2010 सालीच दुरुस्ती झाली होती की, घर ते काम या वाटेवरचा अपघात कामावरचाच समजावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. म्हणजे वाटेत मेलो तर आम्ही कामावर होतो. धडधाकट पोहोचलो तर नव्हतो. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं रुळांवर पडली, निदान चार जीव गेले. त्या दिवशी त्याच डब्यांतून जी माणसं नीट उतरली त्यांचा प्रवास मात्र 'खाजगी' ठरला.

'लांब राहायला कुणी सांगितलं?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. 1992-93 नंतर मुंब्रा कसा भरला हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. आणि गार्डच्या पगारात अंधेरीला खोली मिळते का, हे त्याने एकदा दलालाकडे जाऊन बघावं.

युरोपच्या न्यायालयाने सप्टेंबर 2015 मध्ये स्पेनमधल्या सुरक्षा-यंत्रं बसवणाऱ्या कामगारांबाबत सांगितलं की, ज्यांना कामाची ठरलेली जागा नाही त्यांचा घरून पहिल्या ग्राहकापर्यंतचा प्रवास हाही कामाचाच वेळ. आमचा रिलीव्हर दुसरा कोण आहे? रात्री फोन येतो, 'उद्या या पॉइंटला जा.' त्याची वाट मालकच ठरवतो.

आमच्यातलेच काही मित्र घाबरतात. प्रवासाचे पैसे द्यायचे झाले तर ठेकेदार विमानतळाजवळचीच पोरं घेईल, मुंब्र्याचा पत्ता बघून अर्ज बाजूला ठेवेल. भीती खरी आहे. मुंब्र्याचा पत्ता आम्हाला आधीच काय कमी नडतो! पण यावर इलाज आपल्याच राज्यात आहे. 1969 च्या माथाडी कायद्याच्या धर्तीवर 1981 साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा झाला. त्याखाली बृहन्मुंबई आणि ठाणे जिल्ह्याचं मंडळ आहे, मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेतली जाते. प्रवासाचा मोबदलाही याच लेव्हीत घाला. प्रत्येक गार्डमागे मालकाने सारखीच रक्कम भरावी, मंडळाने अंतर पाहून वाटावी. मग पत्ता बघून कुणाला वगळण्यात मालकाचा फायदा उरत नाही. अर्थात जे ठेकेदार मंडळाच्या बाहेर राहून धंदा करतात त्यांना आधी आत आणावं लागेल, आणि सरकारचं घोडं तिथेच अडतं.

ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तोवर तीही मालकाच्या मर्जीचीच गोष्ट होती.

घाम वाळायच्या आत मजुरी द्यावी, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. आमचा घाम मुंब्र्याच्या फलाटावरच सुटतो. निदान पाळीआधीची ती अर्ध्या तासाची हजेरी, पासची तपासणी, अंगझडती, कपडे बदलणं, एवढं तरी या महिन्यापासून मोजा. त्या वेळी आम्ही लोकलमध्ये नसतो, तुमच्याच फाटकात उभे असतो.