भाटीची शस्त्रक्रिया झाली, आता पिलांच्या दुधाचे काय?

शहापूर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची लेक ठाण्याला वर्तकनगरात दिली आहे. तिच्या इमारतीच्या जिन्याखाली एक भाटी व्याली, चार पिले झाली. पिले महिन्याची होत आली तेव्हा मुक्या जनावरांची देखभाल करणाऱ्या काही मंडळींनी भाटीला पिंजऱ्यात धरून नेले, पुन्हा पिले होऊ नयेत म्हणून तिची शस्त्रक्रिया करून घेतली आणि संध्याकाळी परत आणून सोडले. पिले लगेच लुचायला लागली. पण लेकीच्या सासूबाईंचे म्हणणे असे की, गर्भाशयच काढले तर दूध आता आटणार, आणि जे येईल ते औषधाचे, पिलांना बाधणार. तेव्हा पिले आईपासून तोडून वाटीने दूध पाजावे का, असा भगिनींचा प्रश्न आहे. शिवाय त्यांच्या स्वतःच्या घरची भाटी वर्षातून तीनदा विते. तिचेही असे करता येईल का, हेही त्यांनी विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. पिले आईपासून तोडू नका. दूध आटणार नाही.

सासूबाईंना हसू नये. दूध आणि गर्भाशय यांचा संबंध आहे असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते, कारण जनावर व्याले की दूध येते. पण गोठ्यातला अनुभव जरा आठवून पाहा. म्हशीचे रेडकू दगावले की म्हैस पान्हा चोरते, आणि दूध कमी होत जाते. तिचे गर्भाशय तर जागच्या जागी असते! उलट रेडकाने ढुशी मारली, सड ओढले की पान्हा उतरतो. सड ओढले गेल्याची खबर मेंदूला पोहोचते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. दूध तयार करण्याचा आणि ते खाली सोडण्याचा हुकूम देणारे रस तिच्यातून रक्तात येतात. शस्त्रक्रियेत बीजकोश आणि गर्भाशय काढतात, या ग्रंथीला कोणी हात लावत नाही. पिले लुचत आहेत तोवर हुकूम सुटत राहतो आणि दूध येत राहते. आईला पिलांपासून दोनचार दिवस दूर ठेवले, तर मात्र दूध खरोखरच आटू लागते. मग दोष शस्त्रक्रियेवर येतो.

आणखी एक गोष्ट दुभत्याच्या घरी सर्वांना माहीत आहे. गाय गाभण राहिली की जसजसे महिने भरतात तसे दूध घटते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत काही पशुवैद्य दुभत्या गाईचे बीजकोश मुद्दाम काढीत. गाय पुन्हा गाभण राहू नये आणि तेच वेत लांबावे, हा त्यांचा हेतू. आपण आज तसे करावे असे मी म्हणत नाही, आपल्याला पुढचे वासरू हवे असते. पण बीजकोश काढल्याने दूध बंद पडत असते, तर हा उद्योग कोणी केलाच नसता.

मांजरीच्या बाबतीत तर खरा घोटाळा दुसऱ्या गाभणपणाचाच होतो. पिले अंगावर पीत असतानाच, व्याल्यानंतर काही आठवड्यांत ती पुन्हा माजावर येऊ शकते. बोका भेटला की गाभण राहते आणि सुमारे नऊ आठवड्यांत पुन्हा विते. म्हणजे पहिली पिले धड मोठी झालेली नसतात, तोच पोटात दुसरी. भाटीच्या हाडांची काडे होतात, पहिल्या पिलांना ती गुरगुरून हाकलते. अशा भाटीला या फेऱ्यातून सोडवले तर पुढे येणारी पिले टळतात, आणि अंगावरच्या पिलांनाही आई पुरते दिवस मिळते.

आता औषधाच्या दुधाविषयी. भुलीच्या औषधाचा थोडा अंश दुधात उतरतो, त्यामुळे एखादे पिलू पहिल्या रात्री जरा सुस्त वाटेल. तेवढ्यासाठी त्याला उपाशी ठेवू नये. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. भाटी पूर्ण शुद्धीवर येऊन नीट चालू लागेपर्यंत पिले तिच्याजवळ ठेवू नयेत, नाहीतर गुंगीत ती पिलावर लोळते किंवा फिस्कारते. आणि तिला परत आणायचे ते त्याच दिवशी. तीन आठवड्यांच्या आतल्या पिलांना स्वतःची ऊब राखता येत नाही, तेव्हा आई नसेल तेवढा वेळ कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्यांच्याजवळ ठेवावी. गाईचे दूध पाजू नये, मांजराच्या पिलांना ते सोसत नाही, ढाळ लागतात. फारच वेळ लागणार असेल तर पिलांसाठी खास दुधाची भुकटी मिळते, ती पशुवैद्याला विचारून आणावी. गार पडलेल्या पिलाला आधी ऊब द्या, मगच दूध. आणि पाजताना त्याला उताणे धरू नका, दूध छातीत जाते.

अंगावर पिणारी पिले आहेत हे डॉक्टरांना नेण्याआधीच सांगावे. पोटाखाली कास दुधाने भरलेली असते, म्हणून अशा भाटीला पुष्कळ डॉक्टर पोटाच्या मध्यावर छेद न घेता कुशीत घेतात. जखम सडांपासून लांब राहते, पिलांच्या नखांचा त्रास कमी होतो. घरी आणल्यावर जखमेवर हळद, राख, फिनेल, रॉकेल यातले काहीही लावू नये. मांजर अंग चाटते, ते सगळे पोटात जाते. दुखत असेल म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळीच देऊ नका. मांजराला ते विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. जखम सुजली, पू आला, रक्त थांबेना, भाटीने दिवसभर तोंडात काही घेतले नाही किंवा कास दगडासारखी कठीण आणि गरम लागली, तर तिला पुन्हा दाखवावे.

आता घरच्या भाटीविषयी. घाई नसेल तर पिले सहा ते आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागू द्यावीत, मग एक-दोन आठवड्यांत दूध ओसरले की शस्त्रक्रिया करावी. डॉक्टरांना ते सोपे जाते. पण त्या काळात भाटीला बोक्यापासून कोंडून ठेवता आले पाहिजे, आणि कौलारू घरात मांजर कोंडून ठेवल्याचे मी तरी पाहिलेले नाही! तेव्हा पिले चार-पाच आठवड्यांची होऊन भाकरी-मासळी चाटू लागली की डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवावा. वर्तकनगरच्या मंडळींनी केले ते याच हिशेबाने. रस्त्यावरची भाटी एकदा पिंजऱ्यातून सुटली की पुन्हा सापडेलच असे नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची ही शस्त्रक्रिया होते का, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर मुंबईला परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचे.

शस्त्रक्रियेनंतर भाटी आळशी होते, उंदीर धरत नाही, ही समजूतही सोडावी. शिकार माजावर अवलंबून नसते. कणगीपाशी बसणारी भाटी तशीच बसेल, फक्त तिला पोटभर खायला द्या. उपाशी मांजर चांगले उंदीर मारते, हेही खरे नाही. गोणीत पिले भरून बाजारात किंवा देवळापाशी सोडून येणारे अजून आहेत. उपासमार होईल असे जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेही लक्षात असू द्या.

वर्तकनगरच्या चार पिलांपैकी दोन भात साठवण्याच्या खोलीसाठी शहापूरला आणावीत, असे भगिनींच्या मनात आहे. जरूर आणा, पण ती दोन महिन्यांची झाल्यावर, आणि दोन्ही एकदमच. तोवर आई त्यांना शिकार दाखवते. आणल्यावर पंधरा दिवस घरातच ठेवा, नाहीतर वाट चुकतात. साधारण किलोभर वजन झाले की त्यांचीही शस्त्रक्रिया होऊ शकते. त्यात मादी असेल तर तिला आधी न्या.