इंदूरची रात्र

या अंकासाठी ‘शहरांच्या रात्री’ हा विषय ठरला तेव्हा बँकॉक, हाँगकाँग ही नावं आधी पुढे आली. आम्ही मात्र सुरुवात होळकरांच्या इंदूरपासून केली आहे.

दिवेलागणीला खजराना गाठावं. इथलं गणपतीचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधवलं, असं परंपरा सांगते. नवी गाडी घेतली की इंदूरकर आधी ती इथे आणतो. देवळाच्या मागच्या भिंतीवर नवसाची उलटी स्वस्तिकं काढायची इथली रीत. याच वस्तीत नाहरशाह वलींचा दर्गाही आहे. प्रवासी तो उगाच चुकवतात.

मग राजवाड्यावरून सराफ्यात. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याच्या गाड्या लागतात: भुट्टे का कीस, दहीवडा, ताटलीएवढा जलेबा, आणि थंडी असेल तर तळलेला, मसाला भुरभुरलेला गराडू. मध्यरात्रीही गर्दी हटत नाही. तिच्यात आज्या असतात, कडेवरची पोरंही असतात. शहराची रात्र निर्धास्त असल्याची याहून चांगली खूण आम्हाला ठाऊक नाही.

वाचकहो, जाल तेव्हा मुक्कामाच्या हॉटेलात मुळीच जेवू नका.