माल पाहायला

गांधीबागेतून गाडी बाहेर काढायची तर पहाटे पाचच्या आत. एकदा कापडाच्या गाठी, हातगाड्या आणि छोटे हत्ती रस्त्यावर उतरले, की त्यातून वाट काढण्यापेक्षा अख्खा महाराष्ट्र पार करणं सोपं! जानेवारीतल्या त्या शुक्रवारी मी स्टिअरिंगवर बसले, तेव्हा बाबा दारात उभे होते.

"नाशिकले? देवाले चालली का?"

"हो... तसंच," मी म्हटलं. नाशिक म्हणजे त्र्यंबकेश्वर, वाटेत शिर्डी. 'वाईनरी' हा शब्द काही तोंडातून फुटला नाही. खरं तर बाबा स्वतः वर्षातून चारदा सुरतेला नाहीतर इचलकरंजीला जातात, तेही एकटेच. त्यांना कोणी कारण विचारत नाही. ते 'माल पाहायला' जातात, बस्स.

समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि आम्हा नागपूरकरांना नाशिक एका दिवसात आलं. रस्ता इतका सरळ, की डोळे जड होतात. म्हणून दर दोन तासांनी चहा, सिन्नरजवळ उतरायचं, रात्री नाशिकला गुपचूप झोप. खरा प्रोग्रॅम शनिवारी.

आता मुद्द्याचं. एकट्याने वाईन टूर करायची, गाडीही आपणच चालवायची, मग प्यायची कशी? कायदा रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल चालवून घेत नाही. माझा फंडा सोपा : दिवसभरात तीनच वाईनरी. पहिल्या दोन ठिकाणी चव घ्यायची आणि थुंकायची, तिसरी मुक्कामाची.

हो, थुंकायची! टेबलावर त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, चक्क पिकदाणी. खर्ऱ्याच्या शहरात वाढलेल्या मुलीला यात लाजायचं काय? तरी पहिल्यांदा शेजारच्या टेबलावरच्या हनिमून कपलकडे चोरून बघितलंच.

पहिलं सुला. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंतांनी आई सुलभा यांच्या नावावरून हे नाव ठेवलं, २००० साली पहिली वाईन बाजारात आणली. जानेवारीत काढणी सुरू असते. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही. म्हणून नाशिकचे शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतात : एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक मात्र एकच. वाईनचं द्राक्ष तोंडात टाकलं तर खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं, बियांचं. रेड वाईनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून येतो, रस बहुतेक वेळा पांढुरकाच असतो.

टेस्टिंगवाल्या मुलाने ग्लास उजेडात धरायला सांगितलं. फिरवा, हुंगा, मग घोट. सोव्हिन्यॉ ब्लाँला ओल्या गवताचा, ढोबळी मिरचीचा वास! आणि मला एकदम बाबा आठवले. तेही कापड आधी उजेडात धरतात, मग अंगठा आणि बोटात चोळून पोत बघतात. खळ जास्त असली की कापड हाताला भरदार लागतं, पहिल्या धुण्यात लुळं पडतं. गोड वाईनचं तसंच. साखरेच्या आड बरंच काही लपतं. दुपारपर्यंत मला खळ ओळखता यायला लागली होती!

दुसरं यॉर्क. तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव, २०२१ मध्ये सुलाने घेतलेलं. समोर गंगापूर धरणाचं पाणी. एकटं असण्याचा फायदा इथे कळला : "चला ना आता" म्हणणारं कोणी नाही. दीड तास नुसती बसले.

मग इगतपुरीकडे, व्हॅलोनेला. छोटीशी वाईनरी, मुक्कामाला मोजक्या खोल्या. गाडीची किल्ली बॅगेच्या तळाशी टाकली आणि दिवसातला पहिला ग्लास रेड वाईन पूर्ण प्यायले. एक ग्लास, सावकाश, अंधार पडेपर्यंत.

बाटली मात्र घेतली नाही. घरी जायला पुन्हा समृद्धी, आणि समृद्धी जातो दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यातून. गांधींच्या सेवाग्रामवरून गांधीबागेत बाटली नेण्यापेक्षा बेदाणे बरे.

रविवारी रात्री बाबांनी पुडा उघडला. "प्रसाद?"

"नाही बाबा. मी देवाला नव्हते गेले." आणि सगळं सांगितलं. उजेड, वास, पोत, खळ, पिकदाणी. ते गप्प. बेदाणे चघळत राहिले. मग म्हणाले, "सारी थुंकली ना पण?"

"दोन ठिकाणी. तिसऱ्या ठिकाणी नाही."

पुढे एक शब्द नाही. रात्रभर मला टेन्शन.

सोमवारी डबा द्यायला दुकानात गेले. शेजारचे काका विचारत होते, "पोरगी नाशिकले गेलती म्हणे? देवाले?"

बाबांनी ताग्यावरून नजरही उचलली नाही. "नाही. माल पाहाले."