रजा ही मालकाची मेहरबानी नव्हे

हॉटेलातल्या कामगाराने रजा मागितली की मॅनेजरच्या कपाळावर आठी पडते. ‘सीझन आहे, नंतर बघू’ हे ठरलेले उत्तर. लेखी अर्ज दिला तर तो खणात पडून राहतो. घरी मयत झाली म्हणून कामगार गावी गेला, तर परतल्यावर दारातच त्याला ऐकवले जाते, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ नोटीस नाही, चौकशी नाही, राहिलेल्या पगाराचा हिशेब नाही. भांडी घासण्यापासून खोल्या झाडण्यापर्यंतच्या या कामांत आपल्या समाजाची किती मुले-मुली राबतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

सणासुदीला हॉटेल भरते, सगळ्यांना एकाच दिवशी सुटी देता येत नाही, हे आम्हालाही कळते. पण ‘नाही’ म्हणण्याचीही रीत असते. ड्युटी चार्ट आधी लावावा, अर्जावर लेखी उत्तर द्यावे, नकाराचे कारण आणि दुसरी तारीख सांगावी, यंदा थांबलेल्याला पुढच्या वर्षी आधी सोडावे. याला पैसे लागत नाहीत. लागते ती फक्त समोरच्याला माणूस समजण्याची तयारी, आणि नेमकी तीच दिसत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यातल्या प्रौढ कामगाराला वर्षाकाठी १० दिवस भरपगारी सुटीचा हक्क मिळाला. मग हॉटेल कामगाराने आज हात का जोडायचे? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुटी आहे, वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे, २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे. हा कायदा आधी १० कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. २०२५ मध्ये सरकारने ही मर्यादा २० वर नेली. म्हणजे ज्या छोट्या हॉटेलात पिळवणूक उघड चालते, तिथलाच कामगार उघड्यावर टाकला! हा कोणता न्याय, ते मजूर खात्याने सांगावे.

कामावरून काढण्याचेही तसेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. काढलेल्या कामगाराचा पगार दोन कामकाजी दिवसांत चुकता करावा लागतो. वर्षभर सलग नोकरी झालेल्याची कपात करायची तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. गैरवर्तनाचा आरोप असेल तर त्याला बाजू मांडू द्यावी लागते. आईच्या मातीला जाणे हे गैरवर्तन ठरवणारा मॅनेजर स्वतःही पगारी नोकरच असतो, याची त्याला आठवण राहत नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच २०१७ च्या कायद्याने वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्या दिल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या; उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालकाने कामगारांशी मिळून ठरवायच्या. गणपतीची रजा समजून घेणारा मॅनेजर ६ डिसेंबरची रजा मागितली की ‘राजकारण’ म्हणतो, अशी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. तेव्हा कामगार बांधवांनी वर्ष संपण्याआधीच एकत्र बसून १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या दोन तारखा त्या चारांत लेखी मागाव्यात, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये.