गुन्हा आधीचा, कायदा नंतरचा

आरोपपत्र हातात पडलं की फौजदारी वकील आधी घटनेची तारीख पाहतो. सत्र न्यायालयात उभं राहून मलाही तीच सवय लागली. म्हणून अख्तेम चियगोझ यांच्या खटल्याबद्दल वाचताना नजर तिथंच अडली : २६ फेब्रुवारी २०१४.

त्या दिवशी क्रिमियात, सिम्फेरोपोलच्या संसदेसमोर दोन जमाव भिडले. एक युक्रेनच्या बाजूचा, त्यात बहुतेक क्रिमियन तातार. दुसरा रशियाच्या बाजूचा. गर्दीत दोन जीव गेले. रशियाने क्रिमिया स्वतःला जोडून घेतला तो १८ मार्चला. म्हणजे घटना घडली तेव्हा त्या चौकात कायदा युक्रेनचा होता. तरीही तातारांच्या ‘मेजलिस’ या प्रातिनिधिक संस्थेचे उपाध्यक्ष चियगोझ यांना जानेवारी २०१५ मध्ये अटक झाली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये रशियन दंडसंहितेखाली ८ वर्षांची शिक्षा. त्यांना कोर्टात आणायचे नाहीत, तुरुंगातून व्हिडिओवर बसवायचे. कृत्य घडताना जो कायदा अमलात होता त्याचाच भंग झाला असेल तर शिक्षा, हे आपल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमात आहे. तालुक्याच्या कोर्टातला नवखा वकीलही हा मुद्दा पहिल्याच तारखेला मांडेल.

दुसरा खटला क्रिमियातलेच चित्रपट दिग्दर्शक ओलेग सेन्त्सोव यांचा. त्यात मुख्य साक्षीदाराने भर कोर्टात जबाब फिरवला, तो जबरदस्तीने घेतल्याचं सांगितलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपल्याकडे पुराव्यात चालत नाही, तो याच भीतीपोटी. रोस्तोवच्या लष्करी न्यायालयाने मात्र ऑगस्ट २०१५ मध्ये २० वर्षं ठोठावली. युक्रेनच्या वकिलातीला त्यांना भेटू दिलं नाही. कागदोपत्री त्यांना परस्पर रशियन नागरिक ठरवलं होतं! व्याप्त प्रदेशातल्या माणसाने शिक्षा त्याच प्रदेशात भोगायची, असं १९४९ चा चौथा जिनिव्हा करार सांगतो. सेन्त्सोव यांची रवानगी आर्क्टिक वृत्तापलीकडच्या लाबित्नांगीला झाली. तिथे २०१८ मध्ये त्यांनी १४५ दिवस उपोषण केलं. मागणी होती रशियातल्या सगळ्या युक्रेनी राजकीय कैद्यांच्या सुटकेची.

दोघेही पुढे सुटले. चियगोझ ऑक्टोबर २०१७ मध्ये तुर्कस्तानमार्गे, सेन्त्सोव सप्टेंबर २०१९ च्या अदलाबदलीत. पण सोडून देणं म्हणजे निर्दोष ठरवणं नव्हे, आणि माझा सगळा राग इथं आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २०२४ मध्ये क्रिमियातल्या अशा अन्यायांसाठी रशियाला जबाबदार धरलं. रशिया तोवर त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर पडला होता.

रशिया-युक्रेन तहाची बोलणी होतात तेव्हा सगळा वेळ नकाशावरच्या रेषेवर जातो. कैद्यांच्या वाट्याला आलीच तर अदलाबदलीची यादी येते. तहाच्या मसुद्यात अशा खटल्यांतले निकाल रद्द करण्याचं स्वतंत्र कलम हवं. दोन्ही बाजूंशी आपलं बोलणं आहे, असं भारत सांगतो. मग हे कलम भारताने मागावं, नाव घेऊन आणि लेखी.